यूमॅपला पेपर पाठवायचाय? मग कामं या क्रमानं करा

दरवर्षी डिसेंबर संपत आला की कुणा ना कुणाचा फोन येतोच, "मॅडम, प्रोजेक्ट झालाय, पेपर पण लिहून झालाय, आता कुठल्या कॉन्फरन्सला टाकू?" आणि मी विचारते की लोकांकडून डेटा घेतलात तेव्हा कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी होती का, तर पलीकडे शांतता. काम चांगलं असतं, पोरांनी रात्री जागून केलेलं असतं, पण सगळं वरातीमागून घोडं. आधी कोड, मग पेपर, मग कॉन्फरन्स शोधायची, मग परवानगी आठवायची आणि पेपर लागलाच तर तेव्हा पासपोर्ट काढायला धावायचं. हा क्रम उलटा आहे, आणि चांगल्या कामाचं नुकसान बहुतेक वेळा यानंच होतं.

यूमॅप ही या विषयातली एक आंतरराष्ट्रीय परिषद. हा लेख यूजर मॉडेलिंग (वापरणाऱ्याची आवड-सवय सिस्टिमनं ओळखणं), पर्सनलायझेशन (त्याप्रमाणे सिस्टिमनं बदलणं), रेकमेंडर सिस्टिम (गोष्टी सुचवणारी सिस्टिम) यात काम करणाऱ्या आणि पुण्यात बसून पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय परिषदेला पेपर पाठवणाऱ्यांसाठी आहे, मग तुम्ही एमटेकला असा, पीएचडीला असा किंवा हिंजवडीत नोकरी सांभाळून संशोधन करत असा. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरण एकच घेते: वाचकाच्या आवडीप्रमाणे मराठी बातम्या सुचवणारं ॲप.

## टप्पा १: आधी जागा ठरवा

यूमॅप, रेकसिस आणि आययूआय या तीन परिषदांची नावं लोक एकाच दमात घेतात, पण तिथले रिव्ह्यूअर म्हणजे पेपर तपासणारे वेगळ्या गोष्टी शोधत असतात.

यूमॅपमध्ये म्हणजे यूजर मॉडेलिंग, ॲडॅप्टेशन अँड पर्सनलायझेशनमध्ये माणूस मध्यभागी असतो. वाचणाऱ्याबद्दल तुमच्या सिस्टिमला काय कळलं, कसं कळलं, त्यावरून ती काय बदलते आणि त्या बदलानं माणसाचं काय होतं, हे तिथं विचारतात. रेकसिसमध्ये शिफारशींवर भर, म्हणजे अल्गोरिदम, मूल्यमापन, इंडस्ट्रीतला अनुभव. आययूआय म्हणजे इंटेलिजंट यूजर इंटरफेसेस, तिथं इंटरफेस आणि एआय दोन्ही दिसले पाहिजेत, नुसतं मॉडेल नेलंत तर "इंटरफेस कुठाय" असं विचारणार. आपल्या उदाहरणात नवीन रँकिंग अल्गोरिदम हाच मुद्दा असेल तर रेकसिस, ॲपला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला दिसतं आणि मी ते दुरुस्त करू शकते असा मुद्दा असेल तर यूमॅप किंवा आययूआय.

वेळापत्रकही वेगळं आहे. यूमॅपची पेपरची डेडलाइन साधारण जानेवारीच्या शेवटी आणि परिषद जून-जुलैच्या आसपास. रेकसिसला पेपर एप्रिलच्या सुमारास द्यायचा, परिषद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आययूआयला ऑक्टोबरच्या आसपास पाठवायचा आणि मार्चच्या सुमारास परिषद. नेमक्या तारखा त्या त्या वर्षाच्या कॉल फॉर पेपर्समध्ये, म्हणजे परिषदेच्या पेपर मागवणाऱ्या सूचनेत बघा, सीनियरनं गेल्या वर्षी सांगितलेल्या तारखेवर अजिबात जाऊ नका.

तपासून घ्या: निवडलेल्या परिषदेतले मागच्या तीन वर्षांतले किमान दहा पेपर वाचलेत का? नुसते ॲबस्ट्रॅक्ट नाही, मेथड आणि रिझल्टसुद्धा. यूमॅपचे २०१६ पासूनचे पेपर एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेच्या डिजिटल लायब्ररीत आहेत, २००९ ते २०१५ चे स्प्रिंगर या प्रकाशकाकडे. त्याच्या आधी यूमॅप नावच नव्हतं, यूएम म्हणजे यूजर मॉडेलिंग आणि एएच म्हणजे ॲडॅप्टिव्ह हायपरमीडिया अशा दोन वेगळ्या परिषदा होत्या, त्यामुळे "यूमॅप" टाइप करून जुनं काम सापडत नाही आणि मग "यावर आधी कुणीच काम केलेलं नाही" असं वाक्य पेपरमध्ये जातं. रिव्ह्यूअर बऱ्याचदा त्याच जुन्या काळातले असतात.

सावधान: "इंटरनॅशनल कॉन्फरन्स", "सात दिवसांत ॲक्सेप्टन्स", "आधी फी भरा" अशा मेलला उत्तरसुद्धा देऊ नका. प्रोग्राम कमिटीतली नावं शोधून बघा, ती माणसं या विषयात लिहितात का ते बघा, आधीच्या वर्षांचे पेपर कुठं छापलेत ते बघा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं वर्षभराचं काम अशा ठिकाणी दिलं, पैसे गेले ते गेलेच पण छापून आलेलं काम दुसरीकडे देता येईना, ते मला आजही लागतं.

## टप्पा २: प्रश्न एका वाक्यात बसवा

हा टप्पा छोटा आहे पण टाळू नका. कागदावर एक वाक्य लिहा: "वाचकाबद्दल आम्ही अमुक ओळखतो, त्यावरून तमुक बदलतो, आणि त्यामुळे वाचकाला ढमुक फायदा होतो हे आम्ही असं मोजतो." चारही जागा भरता आल्या तर तुमच्याकडे पेपर आहे, एखादी रिकामी राहिली तर अजून फक्त प्रोजेक्ट आहे. "आम्ही डीप लर्निंग वापरून मराठी बातम्यांचं रेकमेंडेशन केलं" यात तिसरी आणि चौथी जागा रिकामीच आहे.

मग ते वाक्य तुमच्या क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा, घरातलं कुणीही चालेल. आईला ऐकवलं आणि आईनं "मग त्यानं काय होईल?" असं विचारलं, तर रिव्ह्यूअरही तेच विचारणार आहे.

## टप्पा ३: कॅलेंडर जानेवारीपासून मागे मोजा

समजा यूमॅपची जानेवारी अखेरची डेडलाइन धरली. आता मागे या. शेवटचे दहा दिवस दुसऱ्यांना वाचायला द्यायचे, त्याआधी तीन आठवडे लिहायचं, त्याआधी दोन आठवडे ॲनालिसिस, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत डेटा हातात पाहिजे. डेटासाठी नोव्हेंबर धरला तर त्यात दिवाळीचे दिवस येऊ शकतात आणि सेमिस्टरच्या परीक्षाही येतात, तेव्हा पार्टिसिपंट मिळत नाहीत, गावी गेलेले असतात किंवा सबमिशनच्या फायलींमध्ये अडकलेले असतात. पायलट म्हणजे चार-पाच जणांवरची छोटी चाचणी ऑक्टोबरमध्ये. एथिक्स कमिटीची बैठक बऱ्याच ठिकाणी दर महिन्याला होतच नाही, म्हणून अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला पाहिजे. म्हणजे खरी सुरुवात ऑगस्टमध्ये, गणपती बसायच्या आधीच.

पासपोर्टचंही ऑगस्टमध्येच बघा. नसेल तर अर्ज करा, असेल तर संपायची तारीख बघा.

तपासून घ्या: डेडलाइनपुढे "एओई" लिहिलेलं असतं, म्हणजे "एनिव्हेअर ऑन अर्थ", पृथ्वीवर कुठेही तो दिवस चालू असेपर्यंत. रात्री ११:५९ एओई म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे ५:२९. हे माहीत नसलेले लोक आदल्या रात्री घाबरून अर्धवट पेपर टाकतात, आणि माहीत असलेले काही जण त्या जास्तीच्या सतरा-अठरा तासांवर भिस्त ठेवतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

## टप्पा ४: परवानगी आधी, डेटा नंतर

माणसांना प्रश्न विचारणार असाल, त्यांचे क्लिक साठवणार असाल, मुलाखत घेणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या. नंतर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नसते आणि कुणी देतो म्हटलं तरी घेऊ नका. कॉलेजात कमिटीच नसेल तर गाइडना विचारून दुसऱ्या संस्थेबरोबर काम करता येतं का ते बघा, त्यालाही दोन-तीन महिने लागतात, तेव्हा तेही आत्ताच.

अर्जात साधारण हे विचारतात: कुणाला बोलावणार, काय विचारणार, काय साठवणार, किती दिवस ठेवणार, कोण बघणार, आणि माणसाला मध्येच सोडून जायचं असेल तर काय. पर्सनलायझेशनच्या अभ्यासात एक गोष्ट वेगळी असते जी अर्जात कुणी लिहीत नाही, ती म्हणजे आपण माणसाबद्दल अंदाज बांधतो. कुणी काय वाचतं यावरून राजकीय कल, आजारपण, धर्म असं बरंच काही कळू शकतं, जे त्यानं आपल्याला सांगितलेलंच नसतं. सिस्टिम कुठले अंदाज बांधते आणि कुठले मुद्दाम बांधत नाही हे स्पष्ट लिहा, कमिटीला आवडतं आणि पुढे पेपरमध्येही तोच परिच्छेद कामाला येतो.

आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ आहे, त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल आणि तिच्या डेटासाठी पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर हे डोक्यात ठेवा, किंवा सरळ १८ च्या वरचेच घ्या.

सावधान: संमतीपत्र मराठीत द्या, आणि बोलल्यासारख्या मराठीत. इंग्रजी फॉर्मवर काकूंची सही घेतली म्हणजे त्यांनी समजून होकार दिला असं होत नाही.

## टप्पा ५: डेटा आणि प्रयोग

पेपर इथंच उभा राहतो किंवा पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

### आधीच्या डेटासेटवर प्रयोग करणार असाल तर

बहुतेक जण मूव्हीलेन्स या सिनेमांच्या रेटिंगच्या डेटासेटपासून सुरू करतात, आणि शिकायला तो छानच आहे. पण तो कसा बनलाय हे वाचत नाहीत. मूव्हीलेन्स १०० के मध्ये ९४३ यूजर आणि १,६८२ सिनेमे आहेत, आणि प्रत्येक यूजरनं किमान २० रेटिंग दिलेली आहेत कारण त्यापेक्षा कमी देणारे काढूनच टाकलेत. मग त्याच डेटावर "आमची पद्धत अगदी नव्या यूजरसाठी चालते" असा दावा कसा करणार? शिवाय लोकांनी तिथं एका बैठकीत भराभर आधी बघितलेल्या सिनेमांना रेटिंग दिलेली असतात, म्हणजे रेटिंगचा क्रम हा सिनेमे बघण्याचा क्रम नाही. "यूजरची आवड काळानुसार कशी बदलते" हे त्यावरून सांगायला जाल तर रिव्ह्यूअर तिथंच थांबतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ट्रेन-टेस्टची फाळणी, म्हणजे मॉडेलला शिकवायचा डेटा आणि तपासायचा डेटा वेगळा करणं. रँडम केलीत तर उद्याची बातमी वाचलेली ट्रेनमध्ये आणि कालची टेस्टमध्ये जाते, आणि मॉडेल भविष्य बघून भूतकाळ सांगतं. बातम्यांसारख्या विषयात तर एक तारीख ठरवा, त्याआधीचं सगळं ट्रेनमध्ये, नंतरचं टेस्टमध्ये. आकडे खाली येतील, येऊ द्या, तेच खरे आहेत.

मग बेसलाइन, म्हणजे ज्यांच्याशी तुमच्या पद्धतीची तुलना करायची त्या आधीच्या पद्धती. २०१९ साली रेकसिसमध्ये एक पेपर आला, त्यात मोठ्या परिषदांत छापलेल्या १८ न्यूरल पद्धती तपासल्या. त्यातल्या ७ च थोड्याफार मेहनतीत पुन्हा चालवता आल्या, आणि त्या ७ पैकी ६ बऱ्याचदा सारख्या आवडीचे यूजर किंवा सारखे आयटम शोधण्याच्या जुन्या साध्या पद्धतींपेक्षाही मागे पडल्या. तेव्हापासून रिव्ह्यूअर आधी बेसलाइनचं टेबल बघतात. म्हणून सगळ्यात लोकप्रिय बातम्या दाखवणारी बेसलाइन, आयटम-केएनएन (सारखे आयटम शोधणारी) आणि मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (रेटिंगच्या तक्त्यातून आवडीचे छुपे घटक काढणारी) एवढं तरी पाहिजेच, आणि त्यांचे हायपरपॅरामीटर म्हणजे आधी ठरवायच्या सेटिंग स्वतःच्या मॉडेलइतक्याच मन लावून ट्यून करा. आपल्या पोराला क्लास लावायचा आणि शेजाऱ्याच्या पोराला न अभ्यास करता परीक्षेला बसवायचं, अशी तुलना कुणीच मान्य करत नाही. ट्यूनिंगची रेंज पेपरमध्ये लिहा.

मेट्रिकमध्ये एनडीसीजी (बरोबर आयटम यादीत किती वर आले), रिकॉल (त्यातले किती सापडले) ठीकच आहे, पण बातम्यांसाठी कव्हरेज (एकूण बातम्यांपैकी किती सुचवल्या गेल्या) आणि वैविध्यही मोजा, नाहीतर क्रिकेटच्याच बातम्या दहा वेळा दाखवून तुमचं मॉडेल पहिलं येईल. आणि टेस्ट करताना एक बरोबर आयटम अधिक शंभर रँडम आयटम असं शॉर्टकट रँकिंग करू नका, त्यानं मॉडेलचा क्रम बदलू शकतो हे २०२० मध्येच दाखवून झालंय. सगळ्या आयटमवर रँक करा, वेळ लागेल तेवढा लागू द्या.

### माणसांबरोबर अभ्यास करणार असाल तर

किती माणसं लागतील हे आधी काढा, जीपॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अंदाज यावा म्हणून सांगते: मध्यम परिणाम म्हणजे डी ०.५, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ०.०५, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ०.८ आणि दोन्ही बाजूंची टेस्ट धरली, तर प्रत्येक माणूस दोन्ही सिस्टिम वापरणार असेल तेव्हा ३४ जण लागतात, आणि अर्धे एक व अर्धे दुसरी वापरणार असतील तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८. लोक बारा जणांना बोलावतात आणि मग "ट्रेंड दिसतोय" असं लिहितात. बारा जणच मिळत असतील तर सविस्तर मुलाखती घ्या, गुणात्मक अभ्यास म्हणून लिहा, त्यालाही मान आहे.

सगळ्यांना आधी जुनी सिस्टिम आणि मग तुमची दाखवू नका. दुसऱ्यांदा माणूस सरावलेला असतो किंवा कंटाळलेला असतो. अर्ध्यांना उलट्या क्रमानं द्या.

आणि पार्टिसिपंट कोण? वर्गातले मित्र नकोत, हे मी प्रत्येक बॅचला सांगते. मराठी बातम्यांचं ॲप असेल तर कोथरूडमधले निवृत्त आजोबा, हडपसरहून कंपनीत जाणारी मुलगी, पिंपरीतला दुकानदार आणि नुकतं गावाहून शिकायला आलेलं कुणी, असे चारही वाचक पाहिजेत. वाचनालयात जा, सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात जा, आधी सेक्रेटरींशी बोला, वेळ ठरवून घ्या. दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका.

आता प्रश्नावली. शिफारशींबद्दल लोकांना काय वाटलं हे मोजायला रेस्क्यू नावाची तयार प्रश्नावली आहे, २०११ पासून वापरात आहे, आणि स्वतः प्रश्न बनवण्यापेक्षा अशी तपासलेली घेणं केव्हाही बरं. पण ती इंग्रजीत आहे आणि भाषांतरात फार काही निसटतं. आमच्या एका पायलटमध्ये "ॲपनं सुचवलेल्या बातम्या माझ्यासाठी नवीन होत्या" असं वाक्य होतं. आम्हाला विचारायचं होतं की एरवी तुमच्या नजरेस पडली नसती अशी बातमी मिळाली का, आणि लोकांना वाटलं ताजी बातमी होती का. सगळ्यांनी पाच दिले, बातम्या तर आजच्याच होत्या! मग ते वाक्य "ही बातमी मी स्वतःहून शोधली नसती" असं केलं आणि उत्तरं एकदम पसरली. म्हणून एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजी करायचं, दोन्ही जुळवायचं, आणि मग पाच-सहा जणांना वाक्य वाचून "तुम्हाला यातून काय समजलं" हे विचारायचं.

अजून एक, आपल्याकडे लोक प्रेमानं मार्क देतात. "पोरगी एवढी उन्हातून आलीय, देऊ पाचपैकी पाच." त्यावर उपाय म्हणजे दोन्ही सिस्टिमना अ आणि ब एवढंच म्हणायचं, तुमची कुठली ते सांगायचं नाही, शक्य असेल तर विचारणारा माणूसही दुसरा ठेवायचा, आणि गुणांबरोबर वागणूकही नोंदवायची: किती बातम्या उघडल्या, किती शेवटपर्यंत वाचल्या, किती पुढे पाठवल्या.

तपासून घ्या: मुख्य अभ्यासाआधी चार-पाच जणांवर पायलट झाला का? लॉग खरंच साठतायत का, फाइल उघडून बघितलीत का? ॲपमध्ये टाइप करायला लागत असेल तर लोक मराठी रोमनमध्ये लिहितात, "pani" आणि "paani" दोन्ही एकच आहे हे तुमच्या सिस्टिमला कळतंय का?

सावधान: दहा गोष्टी मोजून त्यातल्या एकीची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली म्हणून तीच मिरवू नका. मुख्य मोजमाप कुठलं हे आधी ठरवून लिहून ठेवा, बाकीच्यांना होल्मसारखं करेक्शन लावा, म्हणजे अनेक टेस्ट केल्यामुळे योगायोगानं लागणारा निकाल गाळला जातो.

## टप्पा ६: लिहिताना उलटीकडून लिहा

इंट्रोडक्शनपासून सुरुवात केली की दोन आठवडे तिथंच जातात. आधी टेबलं आणि आकृत्या, मग मेथड, मग रिझल्ट, मग चर्चा आणि मर्यादा, मग आधीचं काम, शेवटी इंट्रोडक्शन आणि सगळ्यात शेवटी ॲबस्ट्रॅक्ट.

टेम्प्लेट पहिल्याच दिवशी घ्या. एसीएमच्या परिषदांना एसीएमआर्ट नावाचं लाटेक टेम्प्लेट लागतं, ओव्हरलीफ या ऑनलाइन एडिटरवर तयार मिळतं. एक कॉलम की दोन, किती पानं, संदर्भ पानांत धरायचे की नाही हे वर्षागणिक बदलतं, म्हणून त्या वर्षीचा कॉल उघडा आणि तिथलंच बघा. वर्डमध्ये सगळं लिहून शेवटच्या दिवशी लाटेकमध्ये ओतायला बसलेली पोरं मी रात्री दोनला रडताना बघितलीत.

मराठी उदाहरणं असतील तर देवनागरी, रोमन लिपीतला उच्चार आणि इंग्रजी अर्थ तिन्ही द्या. आणि मराठीवर काम केलंय म्हणून ते फक्त मराठीपुरतंच आहे असं लिहू नका. एकच माणूस दोन लिप्यांत टाइप करतो, बातम्या मराठीत वाचतो पण सर्च इंग्रजीत करतो, घरातला फोन तिघं वापरतात, हे प्रश्न जगात खूप ठिकाणी आहेत. आपला डेटा त्यासाठी मोलाचा आहे, तो संकोचानं मांडू नका.

मर्यादांचा भाग मनापासून लिहा. "डेटा कमी होता" हे पुरेसं नाही, त्यामुळे तुमचा कुठला निष्कर्ष कच्चा राहतो ते सांगा.

## टप्पा ७: नाव झाकणं

या परिषदांत साधारणपणे रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. पहिल्या पानावरची नावं सगळेच काढतात, पण बाकीचं राहून जातं. आभारातलं कॉलेजचं नाव आणि ग्रँट नंबर, एथिक्स कमिटीचं नाव, गिटहबची लिंक ज्यात तुमचंच आडनाव आहे, पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव, स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातला ईमेल, आणि "आमच्या आधीच्या पेपरमध्ये आम्ही दाखवलं" हे वाक्य. स्वतःचं जुनं काम तिसऱ्या माणसाचं असल्यासारखं लिहा. कोडसाठी निनावी रिपॉझिटरी करून देणाऱ्या सेवा आहेत, त्या वापरा.

मी ज्या पेपरवर सहलेखक होते त्यातला एक आकृतीतल्या लोगोमुळे रिव्ह्यूला न जाताच परत आला होता. पाच महिन्यांचं काम होतं, आणि पीडीएफ शेवटी कुणीतरी शांतपणे बघितली असती तर लोगो दिसला असता. तेव्हापासून आमच्याकडे ही तपासणी पेपर न लिहिलेला माणूस करतो.

## टप्पा ८: सबमिट करणं

ॲबस्ट्रॅक्टची तारीख बहुधा पेपरच्या आठवडाभर आधी असते, ती चुकली तर पेपर घेतच नाहीत. पेपर चढवायची ईझीचेअर किंवा जी सिस्टिम असेल तिथं खातं आधीच उघडा. सगळ्या लेखकांची नावं आणि क्रम गाइडसमोर बसून ठरवा, नंतर नाव घालता येईलच असं नाही आणि त्यावरून चांगली नाती बिघडतात.

दोन दिवस आधी एक पूर्ण आवृत्ती चढवून ठेवा, नंतर बदलता येते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं काही नवीन नाही, डेडलाइन गुरुवारी आली तर लॅपटॉप चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. चढवल्यावर तीच फाइल परत डाउनलोड करून दुसऱ्या मशिनवर उघडून बघा, देवनागरीच्या जागी चौकोन दिसतायत का ते खास बघा, फॉन्ट एम्बेड झालेला नसला की हे होतं.

## टप्पा ९: निकाल आल्यावर

पेपर नाकारला गेला तर रिव्ह्यू त्या दिवशी वाचा, पण उत्तर शोधायला तीन दिवसांनी बसा. प्रत्येक मुद्दा एका ओळीत लिहा: चूक आमची, मांडणी कमी पडली, की रिव्ह्यूअरचा गैरसमज. गैरसमज वाटणाऱ्यातले बरेचसे मांडणीतच कमी पडलेले असतात. मग बघा, यूमॅपमध्ये लेट-ब्रेकिंग रिझल्ट (ताज्या कामाचे छोटे पेपर), डेमो, डॉक्टोरल कन्सॉर्टियम (पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीचं सत्र) आणि वर्कशॉप असतात, त्यांच्या तारखा बहुधा मुख्य पेपरच्या नंतरच्या. पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असाल तर डॉक्टोरल कन्सॉर्टियमला जरूर पाठवा, विषयातल्या मोठ्या माणसांसमोर बसून आपल्या कामाबद्दल बोलता येतं.

स्वीकारला गेला तर पुढचे दोन-तीन आठवडे घाईचे. एसीएमकडून हक्कांच्या फॉर्मचा मेल येतो, तो स्पॅममध्ये जातो, शोधा. सगळ्या लेखकांचं ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) खातं लागतं. फाइल टॅप्स नावाच्या सिस्टिममधून जाते, तिथं नको ती लाटेक पॅकेजेस असली की एरर येतात, म्हणून एक आठवडा हाताशी ठेवा. आणि १ जानेवारी २०२६ पासून एसीएमचं सगळं प्रकाशन ओपन ॲक्सेस झालंय, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतात, त्यामुळे तुमची संस्था एसीएम ओपन या संस्थांसाठीच्या वर्गणी योजनेत आहे का हे लायब्ररीत जाऊन विचारा. नसेल तर लेखकांना छापण्याचं शुल्क लागू शकतं, हे पेपर पाठवायच्या आधीच कळलेलं बरं.

## टप्पा १०: पैसे आणि व्हिसा

पेपर छापायचा तर एका लेखकाला रजिस्ट्रेशन करावंच लागतं. मदतीसाठी एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. एएनआरएफ या सरकारी संशोधन निधी संस्थेची आंतरराष्ट्रीय प्रवास योजना, एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या भारतातल्या संगणक संशोधन संघटनेची प्रवासमदत, सिगकाय हा एसीएमचा माणूस-संगणक संवादाचा गट प्रायोजक असलेल्या परिषदांसाठी गॅरी मार्सडेन ट्रॅव्हल अवॉर्ड, परिषदेचं स्वतःचं विद्यार्थी अनुदान आणि स्टुडंट व्हॉलंटियरची जागा, सगळीकडे बघा. प्रत्येकाची तारीख वेगळी, काही निकालानंतर लगेचच संपतात. सरकारी पैशातून तिकीट असेल तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसीकडूनच काढायची अट असते, स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या ॲपवरून काढलंत तर बिल अडकतं.

परिषद युरोपात असेल तर तिथल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची आहे, उन्हाळ्यात टूरवाल्यांची गर्दी असते. कुठल्या देशाचा अर्ज पुण्यात घेतात आणि कुठल्यासाठी मुंबई गाठावी लागते हे आधी बघा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. विमा किमान ३०,००० युरोचा. निमंत्रणाचं पत्र आयोजकांकडून निकाल आला त्याच आठवड्यात मागा, त्यावर नाव पासपोर्टवर आहे तसंच पाहिजे, वडिलांच्या नावासकट असेल तर तसंच.

सावधान: व्हिसा नाकारला गेला किंवा उशीर होतोय असं दिसलं तर आयोजकांना लगेच लिहा. ऑनलाइन बोलण्याची सोय किंवा दुसऱ्या लेखकानं सादर करणं हे काही वेळा शक्य असतं, पण परिषदेच्या आदल्या दिवशी सांगून नाही.

## टप्पा ११: बोलणं

स्लाइड कमी ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत तुमचा वाचक दिसू द्या, सकाळी चहाबरोबर फोनवर बातम्या वाचणारे आजोबा, त्यांना ॲप काय दाखवतं, काय चुकतं. मग तुमचं मॉडेल. शेवटच्या स्लाइडवर "थँक यू" नको, मुख्य निष्कर्ष आणि टेबल ठेवा, प्रश्न विचारणारे तेवढा वेळ तेच बघत बसतात.

घरी किमान पाचदा घड्याळ लावून म्हणा, त्यातलं एकदा विषय न कळणाऱ्यांसमोर. पोस्टर असेल तर कापडावर छापून घ्या, घडी करून हातातल्या बॅगेत जातं, आणि छापायला देण्याआधी परिषदेनं सांगितलेला आकार आणि उभा की आडवा ते बघून घ्या. प्रश्न समजला नाही तर "तुम्ही असं विचारताय का" म्हणून परत विचारा, सगळे विचारतात. आणि कुणी तुमच्या कामाबद्दल बोलायला थांबलं तर नाव आणि मुद्दा त्याच रात्री वहीत लिहून ठेवा, पुण्यात उतरल्यावर आठवडाभराच्या आत मेल गेला पाहिजे.